एक तार : व्हिएतनामची आणि आपली



एका तारेकडून किती अपेक्षा करावी, या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. पहिले व्हिएतनामचे आहे आणि दुसरे परभणीच्या गोंधळ्यांचे.

व्हिएतनाममधील ‘दान बाउ’ या वाद्यात लांबट पेटीवर एकच तार ताणलेली असून तिचे एक टोक उभ्या, लवचिक काडीला जोडलेले असते. वादक उजव्या तळहाताची कड तारेच्या अर्ध्यावर किंवा तृतीयांशावर अलगद टेकवून त्याच क्षणी ती छेडतो, तेव्हा मूळ स्वर दबून त्याच्या पोटातील उपस्वर उमटतो. आणि डाव्या हाताने काडी वाकवून, तारेचा ताण कमी-अधिक करीत, तो त्या स्वराला मनुष्याच्या गळ्याप्रमाणे चढवतो, उतरवतो आणि कंपित करतो.

आपल्या गोंधळ्यांच्या तुणतुण्याची रचना याहून साधी आहे. एका पोकळ नळकांड्याचे तळाचे तोंड चामड्याने मढवितात, त्या चामड्यातून ओवलेली तार पोकळीतून वर नेऊन बाजूच्या दांडीवरील खुंटीला पिळतात, आणि गायकाच्या पट्टीत ती एकदा लावली की रात्र सरेपर्यंत तोच स्वर, लयीच्या आघातांसह, अखंड चालू राहतो.

यावरून, एका तारेतून अधिक काही निघते हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच नव्हते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी राज्याच्या हिशेबी दप्तराचा अधिकार सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात ज्या एकतंत्री वीणेला अग्रस्थान दिले, तिला पडदे नव्हते. तारेवरून कम्रिका नावाचा बांबूचा तुकडा सरकवून तिच्यातून राग आळवीत. म्हणजे एकच तार गाती करण्याची विद्या याच मराठवाड्याच्या भूमीत ग्रंथनिविष्ट झाली होती. तुणतुण्याने मात्र निराळे कार्य पत्करले.

ते कार्य देवीच्या उपासनेतील गोंधळात कळते. तुळजापूरच्या भवानीचे उपासक कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक रेणुराई, अशा गोंधळ्यांच्या दोन परंपरा असून परभणी या दोन शक्तिपीठांच्या दरम्यान वसली आहे. गोंधळमहर्षी म्हणून ख्यातकीर्त झालेले राजारामभाऊ कदम याच परभणीचे. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्याच मस्तकाचे आणि तंतूंचे वाद्य केले व ते वाजवीत रेणुकेला वंदन केले, ही गोंधळ्यांची उत्पत्तिकथा तुणतुण्याला उपासनेच्या मुळाशी नेऊन बसवते. दिवटीच्या उजेडात नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कधी गातो, कधी निरूपण करतो, कधी विनोद करून श्रोत्यांना हसवतो. संबळ त्या-त्या प्रसंगाप्रमाणे चाल बदलतो. आणि बोलण्यातून पुन्हा गाण्यात शिरताना नाईकाला आपला षड्ज शोधत बसावे लागत नाही, कारण तुणतुणेवाल्याने तो जागच्या जागी राखलेला असतो. व्हिएतनामी वादक तारेलाच गायिका करतो. गोंधळी गाण्याचे काम गळ्याकडे सोपवून तारेकडे केवळ आधाराचे काम ठेवतो. हे दारिद्र्य नव्हे, ही श्रमविभागणी आहे.

म्हणून माझी अभ्यासकांना एक विनंती आहे. गोंधळाची पदे आणि आख्याने लिहून घेताना तुणतुणे कोणत्या पट्टीत लावले होते, ते कोणाच्या हाती होते, नाईकामागून झील कोण धरीत होते आणि चामडे कसे मढविले होते, याचीही नोंद त्याच बाडात व्हावी. कारण नुसती संहिता हाती राहिली, तर ज्या स्वरावर ती उभी होती तो पुढच्या पिढीला केवळ तर्काने ठरवावा लागेल.