उंबराच्या बाजूने चार शब्द

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘आपली झाडं, आपले पक्षी’ असा विषय दिला आणि दहा मिनिटं दिली. झाडांवर बोलायचं म्हटलं की पहिल्यांदा तुकोबांचा अभंग म्हणायची पद्धत आहे. तो तुम्हां सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे तो वेळ मी वाचवतो आणि सरळ मुद्द्यावर येतो. पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर नववा विषय आहे : ‘मागच्या बाजूचा उंबर काढून तेथे चार वाहनांसाठी पार्किंग करणे.’ मी त्या उंबराच्या बाजूने बोलणार आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा बाणेर पुणे महापालिकेत येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. 1997 साली आसपासची गावं शहरात आली, त्यात हे एक. कागदावर शहर झालं होतं, पण खिडकीतून ज्वारीच दिसायची. रिक्षावाले इकडे यायला नाही म्हणायचे. तेव्हा सकाळी चंडोल गात वर चढायचा, रात्री टिटवी ओरडायची, ज्वारी हुरड्यात आली की भारीट आणि भोरड्यांचे थवे उतरायचे. आज त्या शेतांच्या जागी टॉवर आहेत. चंडोल गेला, टिटवी गेली. ते मोकळ्या रानाचे पक्षी, त्यांना आपण झाडं लावून परत आणू शकत नाही. ही गोष्ट मान्य करूनच पुढे बोलू.

पण याच पंचवीस वर्षांत दुसरीही एक गोष्ट झाली. पहिल्या कमिटीने कंपाउंडलगत रोपं लावली. तेव्हाच्या महिला मंडळाने टँकरच्या दिवसांतसुद्धा भांडी विसळलेलं पाणी बादलीने खाली नेऊन ती जगवली. त्या काकूंपैकी तिघी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ती झाडं वाढली, तसे झाडांवरचे पक्षी आले. शिंपी आला, चष्मेवाला आला, शेपटीचा पंखा उघडून नाचणारा नाचण आला. सी विंगच्या गच्चीवरून आणि मागच्या बाकावरून मी नोंदवलेल्या पक्ष्यांच्या जाती आज सत्तेचाळीस झाल्या आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मी एकाच झाडावर पाहिल्या, आणि ते झाड म्हणजे विषय क्रमांक नऊ.

हा उंबर आपण लावलेला नाही. तो शेताच्या बांधावरचा, आपल्या इमारतींच्या आधीपासूनचा. गावातली जुनी माणसं त्याचं वय साठीच्या पुढचं सांगतात. उंबराचं वैशिष्ट्य असं, की त्याला वर्षातून अनेकदा फळ येतं, आणि ते थेट खोडावर, जाड फांद्यांवर लगडतं. ऐन उन्हाळ्यात इतर झाडांकडे द्यायला फारसं काही नसतं, तेव्हाही इथे पंगत चालू असते. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत त्याची फुलं असतात. अगदी बारीक गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. उंबर फोडला की किडे निघतात ते यामुळे. म्हणजे फळं खाणाऱ्यांना फळं आणि किडे खाणाऱ्यांना किडे, अशी दोन्ही सोय एकाच ठिकाणी. तांबट, बुलबुल, साळुंक्या, पोपट, कोकिळा, हिवाळ्यात सोन्यासारखा पिवळा हळद्या, आणि हो, त्याच भोरड्या! मध्य आशियाकडून येणारे हे पाहुणे पूर्वी आपल्या ज्वारीवर उतरायचे. ज्वारी गेली, आता ते उंबरावर उतरतात. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, मी दोनदा पाहिला, तोही इथेच.

आता राखी धनेशाबद्दल सांगतो, कारण मुलांना तो आवडतो. ‘मोठ्या चोचीचा’ म्हणून तुम्ही ओळखता तोच. धनेशाला स्वतःला झाड कोरता येत नाही, त्याला जुन्या झाडातली आयती ढोली लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पुढे पिल्लांचं जेवण नर आणून देतो. आपल्या आवारात धनेशाचं घरटं नाही. पण दर एप्रिलमध्ये एक नर उंबरावर येतो, पाच-सहा फळं घशात भरतो आणि टेकडीच्या दिशेने जातो. म्हणजे त्याचं घर आपल्या सोसायटीत नाही, पण त्याच्या घरचा डबा इथून जातो. बाणेरची टेकडी, पाषाणचा तलाव, रामनदीचा काठ आणि मधल्या सोसायट्यांमधली मोठी झाडं अशी ही एक साखळी आहे. टेकडी टेकडीच्या जागी राहिली आणि मधली झाडं गेली, तर डबा भरायचा कुठे?

आता दुसरी बाजू. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. उंबराखाली गाडी लावली की बॉनेटवर चिकट सडा पडतो. रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी टपावर त्यांचा हिशेब असतो. पावसाळ्यात फरशीवर फळं कुजून निसरडं होतं. मागच्या वर्षी बी विंगमधल्या आजी तिथेच घसरल्या, त्यांच्या मनगटाला प्लॅस्टर घालावं लागलं. शिवाय घरटी एक गाडी धरून आखलेलं पार्किंग आता दोन गाड्यांना पुरत नाही. या चारही तक्रारी खऱ्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की झाड काढल्याने त्यांतल्या तीन सुटतील आणि चौथी, म्हणजे पार्किंगची, सुटणार नाही. आज आपल्याला चार नाही, वीस जागा कमी पडताहेत.

आणि काढणंही तितकं सोपं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 सालापासून कायदा आहे. झाड आपल्या खासगी आवारात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 साली त्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला आता हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड तोडायची परवानगी मिळाली तर त्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची आहेत. म्हणजे आपल्याला साठ लावावी लागतील. मंडळी, आपल्या आवारात सहा लावायला जागा नाही! आणि साठ लावली तरी धनेशाला उद्या एप्रिलमध्ये रोपं उपयोगाची नाहीत.

म्हणून मी सभेपुढे एक उपसूचना मांडणार आहे. एक वर्ष करून बघू. उंबराखालच्या दोन गाड्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये हलवायच्या. झाडाखाली फरशीऐवजी माती आणि बाजूने पायवाट, म्हणजे घसरायला नको. पडलेली फळं रोज सकाळी झाडून आपल्याच खतखड्ड्यात. माळीमामांशी मी बोललो आहे, ते तयार आहेत. त्यांच्या जादा वेळाचे पैसे काढावे लागतील, ते आम्ही काही सभासद वर्गणीने देऊ. वर्षाने हिशेब मांडू, मग सभा ठरवेल ते मान्य.

उंबर सोडून इतर झाडांसाठीही तीन गोष्टी सुचवतो, यांना फारसा खर्च नाही.

एक, छाटणी. आपण दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी छाटतो. नेमकी तेव्हा कावळ्यांपासून बुलबुलांपर्यंत अनेकांची घरटी भरलेली असतात. धोक्याची फांदी केव्हाही काढावी लागेल, तिथे वाद नाही. बाकीची छाटणी दिवाळीनंतर, महापालिकेची परवानगी घेऊन आणि आधी घरटी बघून करू.

दोन, वाळकी फांदी. तांबटाची टुक-टुक तुम्ही दुपारी ऐकता. तो आपलं घर वाळक्या किंवा मऊ लाकडात कोरतो. ज्या वाळक्या फांदीखाली माणूस जात नाही, गाडी लागत नाही, ती राहू द्या.

तीन, खोडाला सिमेंट. पेव्हर ब्लॉक बसवताना कंत्राटदाराने बुंध्यापर्यंत काँक्रीट नेलं आहे. खोडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांसाठी दिला होता. आपण आदेशाची वाट कशाला बघायची? मुळांना पाणी मिळेल, झाड घट्ट उभं राहील, आणि वादळात पडण्याची आपल्याला वाटणारी भीतीही कमी होईल.

हे सगळं सांगताना मी प्रत्येक झाडाचा वकील आहे असं समजू नका. ए विंगच्या डक्टमध्ये पाइपाशेजारी उगवलेला पिंपळ काढायलाच हवा. तोही पक्ष्यांनीच पेरलाय, पण त्याची बाजू मी घेणार नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, म्हणून तो तोडा असंही मी म्हणत नाही. एवढंच, की नवं झाड लावताना बहावा, पांगारा, बकुळ, करंज यांचा विचार आधी करू.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. पक्षी बघायला महागडा कॅमेरा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि वीस मिनिटं गप्प बसायची तयारी लागते. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, हे मला माहीत आहे! महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. एकाने मराठी माणसाला पक्ष्यांची भाषा दिली, दुसऱ्याने साऱ्या देशाला पक्षी बघायला शिकवलं. त्या आठवड्यात रोज सकाळी साडेसहाला मी उंबराखालच्या बाकावर असेन. आई-बाबांनाही आणा, मात्र फोन सायलेंटवर.

शेवटी एकच विनंती. नवव्या विषयावर हात वर करण्याआधी प्रत्येक सभासदाने एकदा, फक्त एकदा, सकाळी सात वाजता त्या झाडाखाली वीस मिनिटं उभं राहावं आणि वर बघावं. छत्री आणली तरी चालेल. त्यानंतर तुम्ही जे मत द्याल, त्याबद्दल माझी तक्रार असणार नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.