छोट्या गाडीचा हिशेब

मी घाटंजीचा. कविता करतो, म्हणून माझा हिशेब कच्चा, असा घरच्यांचा समज आहे. पण अम्मीचे डायलिसिस सुरू झाले आणि मला वही घेऊन बसावेच लागले.

आठवड्यातून दोनदा यवतमाळ. जाऊन-येऊन 80 किलोमीटर धरले, तर वर्षाचे 8 हजार किलोमीटर होतात. दारात थोरल्या भावाची जुनी, मोठी पेट्रोल गाडी. लिटरला 10 किलोमीटर देणारी. म्हणजे वर्षाला 800 लिटर. छोटी गाडी 20 देते, तिला 400 पुरतील. शंभर रुपये भाव धरला, तर 40 हजारांची बचत!

मी खूश झालो. मग किंमत विचारली. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तरी मी पाहिलेली गाडी विमा, नोंदणी धरून साडेचार लाखांच्या घरात जात होती. जुनीचा एक लाख आला, तरी साडेतीन लाख पदरचे. वाचलेल्या पेट्रोलातून ते फिटायला पावणेनऊ वर्षे, व्याज वेगळेच. अम्मी 78 वर्षांची. पुढचे मी वहीत लिहिले नाही.

शेजारी म्हणाले, ‘‘माझी 20 देते, मी 25 देणारी घेतो.’’ त्यांचेही फिरणे माझ्याएवढेच. हिशेब केला, तर वाचतात फक्त 80 लिटर. ॲव्हरेजचा आकडा असा फसवा असतो. फायदा होतो तो खादाड गाडी सोडणाऱ्याला. आधीच काटकसरी असलेल्या गाडीत फारसे काही उरत नाही.

स्वस्तपणाही माणसाला पुरत नाही. पावसात स्कूटरवर चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना छोट्या गाडीची कल्पना सुचली. 2009 साली नॅनो बाजारात आली, पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का लोकांना रुचला नाही. 2018 मध्ये तिचे उत्पादन थांबले.

खरी बचत तर एसटीत! ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. अम्मी जाताना हौसेने बसलीही. पण डायलिसिसनंतर तिला मान धरवत नव्हती. स्टँडवर माझ्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाली, ‘‘बेटा, किती वेळ आहे अजून?’’

शेवटी दोन लाखांची जुनी छोटी गाडी घेतली. आधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. मोठी विकून वरचा एक लाख घातला; तो अडीच वर्षांत पेट्रोलातून निघेल. दुरुस्ती निघाली, तर थोडा उशीर. टायरमध्ये हवा नीट ठेवतो, गाडी सावकाश चालवतो.

तेव्हा श्रोतेहो, आधी वर्षाचे किलोमीटर मोजा, मग शोरूमची पायरी चढा. अम्मी आता मागच्या सीटवर उशी घेऊन झोपते. तो रकाना मात्र वहीत कुठेच बसत नाही.