दारात आलेला ऋतू वर्गात घेऊ या

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आणि अंधेरी, बोरिवली, भांडुप, मुलुंड अशा चहूकडून आलेल्या बालवाडीच्या ताईंनो, अंगणवाडी सेविकांनो, मदतनीस मावशींनो, घाटकोपरकरांच्या वतीने मी तुमचं मनःपूर्वक स्वागत करते. मावशींचं नाव मुद्दाम घेतलं. खळ शिजवणारी, रंगलेले हात धुणारी, सांडलेलं पाणी पुसणारी बाई वर्गात असते म्हणून हस्तकलेचा तास पार पडतो. त्या आज एवढ्या संख्येने आल्या, याचा स्वागत समितीला फार आनंद आहे.

घाटकोपर म्हटलं की लोकांना मेट्रो आणि लोकलमधली धावपळ आठवते. पण आमच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे आणि पश्चिमेला असल्फ्याची टेकडी. खाडीवर थंडीत फ्लेमिंगो उतरतात. 2015 साली तिथे त्यांचं अभयारण्य जाहीर झालं, 2022 साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचं नाव लागलं. टेकडीवर पहिल्या दोन-चार सरी पडल्या की मिळेल त्या मातीत टाकळा उगवतो. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बालवाडी चालवणाऱ्या ताईला ना अंगण, ना बाग. तरी ऋतू तिच्या उंबऱ्यापर्यंत येतोच. तो आत कसा घ्यायचा, हे बोलायला आपण जमलो आहोत.

आपल्या आधी या वाटेने थोर बायका चालून गेल्या. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. माँटेसरीबाईंचा विचार त्यांना मनापासून पटला होता, पण ती महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पानं, माती यांतूनच साधनं उभी केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ त्या अंगणात आहे. कोसबाडला माळरानावर जे मिळत होतं, ते आपल्याला भाजीवाल्याच्या टोपलीत आणि गटारालगतच्या झाडाखाली मिळतं, एवढाच फरक.

मला पोटतिडकीने एकच मागणं मागायचं आहे. वर्गात होणारी वस्तू मुलाच्या हातची असू द्या. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कितीतरी ताई घरी बसून वर्गाचे सगळे कंदील पुरे करतात. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, आणि मुलाने त्यावर फक्त एक टिकली चिकटवलेली असते. ताईची झोप जाते आणि मुलाच्या पदरात काही पडत नाही.

शाडूच्या मातीचंच पाहा. आदल्या रात्री भिजवा, सकाळी कणकेसारखी मळून ओल्या फडक्यात गुंडाळा. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा द्या आणि गप्प बसा. तीन वर्षांचं मूल आधी त्यात बोट खुपसतं. भोक पाहतं, पुन्हा खुपसतं. मग गोळा पाटावर आपटतं, लांब वळतं आणि ‘साप’ म्हणून ओरडतं. शेजारची चार वर्षांची मुलगी दोन गोळे एकावर एक ठेवते. वरचा निसटला की बोट पाण्यात बुडवून पुन्हा दाबते. पाण्याने माती धरते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. या वेळी आपला हात शिवशिवतो. एखाद्याच्या हत्तीची सोंड जरा नीट वळून द्यावी असं वाटतं. तो हात मागे घ्या. अंगठा आणि दोन बोटांत माती दाबताना जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते. झालेल्या वस्तू सावलीत वाळवा, उन्हात घाईने वाळवल्या तर तडकतात.

बाकीचं भराभर सांगते. आषाढात होडीची घडी मोठ्या शिशूला जमेल. छोट्यांना वर्तमानपत्र नुसतं फाडू द्या, त्या पट्ट्यांचा छान पाऊस होतो. कात्री त्यानंतर. भेंडीचे ठसे काढताना रंग ताटलीत ओतू नका, रंगात भिजवलेलं फडकं ठेवा, म्हणजे ठसा गिचमिड होत नाही. आश्विनात भोंडल्याचा हत्ती आहेच. दिवाळीचा किल्ला जुन्या परातीत होतो, फक्त मोहरी सुट्टीच्या आठवडाभर आधी पेरा, नाहीतर तिची हिरवळ बघायला मुलंच नसतात. संक्रांतीला पतंग करा, मांजा वर्गात नको. थंडीत गुलाबी रंगाच्या पंजाच्या ठशाला लोकरीचे लांब पाय चिकटवले की खाडीवरचा फ्लेमिंगो तयार. आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय धुऊन वाळवा. तिच्या केसरांना जुन्या दातघासणीने विंचरलं की दाढीवाले आजोबा होतात. हे मुलांचं सगळ्यात लाडकं काम.

एका बाबतीत मात्र हयगय नको. गुंज दिसायला देखणी असली तरी विषारी आहे, ती वर्गात आणूच नका. मणी, चिंचोके, तुरीचे दाणे लहान मुलं नाकात-कानात घालतात. सगळ्यात लहान वर्गाला ते देऊ नका. मोठ्यांना मोजून द्या, मोजून परत घ्या. चमकी डोळ्यांत जाते, तिच्याऐवजी रांगोळी नको, तीही जाते. रंगीत कागदाचे फाडलेले तुकडे पुरेत. एका वेळी पाच-सहा मुलंच कामाला बसवा, बाकीच्यांना मावशींच्या गोष्टीजवळ.

पालक विचारतात, “ताई, आमच्याच बाळाचं असं वाकडं का?” अशा वेळी जूनमधलं काम आणि डिसेंबरमधलं काम शेजारी शेजारी ठेवून दाखवा. त्यासाठी प्रत्येक कागदाच्या पाठीवर नाव आणि तारीख घालायची सवय आजपासून लावून घ्या. वर्गातली दोरी आपल्या नव्हे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा. पावसाळ्यात ओले कागद वाळायलाही तीच उपयोगी पडते.

आमची जागा लहान आहे, पंखे कमी आहेत. काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. पोहे-चहा झाला की मागच्या खोलीत या. शाडू रात्रीच भिजवून ठेवली आहे, धुतलेल्या कोयींची टोपली खिडकीपाशी आहे. मावशींची बैठक ताईंबरोबरच, एकाच सतरंजीवर मांडली आहे. अध्यक्षांचं भाषण झाल्यावर लगेच कामाला बसू.