दोन समुद्रांचा देश आणि लाटेची वीज



नोकरीच्या निमित्ताने मी बहरीनला राहतो. सुट्टीत कोकणात आलो की धक्क्यावरच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो. "काय हो, तुमच्याकडे चहूबाजूंनी समुद्र. मग लाटांवर वीज का नाही करत?" आज त्याचंच उत्तर देतो.

बहरीन म्हणजे अरबीत 'दोन समुद्र'. एक वरचा खारा आणि दुसरा तळाशी गोड्या पाण्याचा, असा अर्थ तिथे सांगतात. समुद्राच्या तळाशी खरंच गोडे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे चामड्याची पखाल घेऊन बुडी मारायचे आणि भर समुद्रातून पिण्याचं पाणी वर आणायचे. आता नळाला येतं ते बहुतेक समुद्राचंच पाणी, मीठ काढलेलं. त्याला ऊर्जा लागते, आणि तिथली वीज होते मुख्यतः नैसर्गिक वायूवर. तिथे तहानसुद्धा वायू जाळून भागते. तेव्हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

अडतं ते वाऱ्याच्या पल्ल्यापाशी. लाट म्हणजे पाण्याने साठवलेला वारा. वाऱ्याला जितकं लांबवर मोकळं पाणी मिळेल, तितकी लाट थोर. बहरीनभोवतीचं आखात उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. त्यात बहरीनच्या पश्चिमेला सौदी अरेबिया, पूर्वेला कतार. 'शमाल' हा वायव्येचा वारा सुटला की पाणी खवळतं. एरवी बहरीनमधल्या मुहर्रकच्या किनाऱ्यावर समुद्र परातीत ओतल्यासारखा निवांत.

याचा एक ढोबळ हिशोब आहे. लाटेची उंची मीटरमध्ये घ्या आणि तिचा वर्ग करा. दोन लाटांमध्ये जितके सेकंद जातात, त्यांनी गुणा आणि निम्मं करा. किनाऱ्याच्या दर मीटरमागे तितके किलोवॉट त्या लाटांत असतात. अर्ध्या मीटरची लाट, दर ४ सेकंदांनी: अर्धा किलोवॉट, म्हणजे एक मिक्सर. कोकणातली पावसाळी २ मीटरची लाट, दर ८ सेकंदांनी: १६ किलोवॉट, म्हणजे सोळा इस्त्र्या. उंची चौपट, सेकंद दुप्पट, ताकद बत्तीसपट!

आता ही ताकद पकडायची कशी? प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा, झाकण काढा आणि पाण्याच्या बादलीत ती उभी धरून वरखाली करा. तोंडाशी तळहात धरा. बाटली खाली गेली की हवा फुस्सकन बाहेर, वर आली की आत. याच तत्त्वावर केरळात तिरुअनंतपुरमजवळ विळिंजमला मद्रासच्या आयआयटीने १९९१ साली १५० किलोवॉटचं केंद्र उभारलं. काँक्रीटच्या खोलीत लाट शिरायची आणि वरच्या हवेवर पंखा फिरायचा. बेलफास्टच्या ॲलन वेल्स यांनी शोधलेला हा पंखा हवा आत येवो की बाहेर जावो, एकाच दिशेने फिरतो. पुढे त्या विजेवर तिथे खारं पाणी गोडं करण्याचाही प्रयोग झाला. बहरीनकराच्या कानाला ही गोष्ट किती गोड लागते म्हणून सांगू!

पण समुद्र यंत्राला सुखाने राहू देत नाही. पोर्तुगालच्या किनाऱ्यासमोर २००८ साली सापासारखी तीन लांबलचक यंत्रं तरंगत ठेवली होती. ती काही महिन्यांतच ओढून परत आणावी लागली. उलट स्पेनमधल्या मुत्रिकु गावाने शहाणपण केलं. बंदराचा बंधारा बांधायचाच होता, त्यातच हवेच्या खोल्या ठेवल्या, १६ पंखे बसवले. २०११ पासून तिथली वीज पुरवठ्याच्या जाळ्यात जाऊ लागली. आपल्या कोकणात बंधारे बांधताना हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

आणि बहरीन? मनामात शिडांच्या आकाराचे दोन मनोरे आहेत. त्यांच्या मधोमध २००८ साली तीन पवनचक्क्या फिरू लागल्या, प्रत्येकीचा व्यास २९ मीटर. आखातावरून येणारा वारा शिडांमधून एकवटतो आणि पाती फिरवतो. वाऱ्याला लाट उठवायला जागा नाही ना, मग तो थेट हवेतच पकडला.

तेव्हा येत्या पावसाळ्यात उधाण आलं की सुरक्षित अंतरावर उभे राहा. लाटेची उंची अंदाजा, सेकंद मोजा आणि गुणाकार करा. मग धक्क्यावर मला विचारायचा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचाराल.