नंबर कुणाचा दिला?

 बायकांचा कार्यक्रम म्हणून रेडिओचा आवाज न कमी करणाऱ्या दादा-काकांनाही नमस्कार.

आम्ही सोलापूरच्या एका बचत गटातल्या बायका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो आणि विकतो. आमच्यात कुणी इंजिनिअर नाही, पण यंत्रांची हौस सगळ्यांना आहे. गल्लीत कुणाकडे नवा मिक्सर आला की आम्ही चहाच्या निमित्ताने बघायला जातो. भांडं उचलून बघतो, झाकणाचं रबर बघतो, एकदा फिरवून आवाज ऐकतो. मग कुणी विचारलेलं नसलं तरी मत देऊन येतो. आज तशीच थोडी मतं सांगायची आहेत, आणि शेवटी एक कामाची गोष्ट.

पहिलं मत बटणांबद्दल. हल्ली शेगडी घ्या, वॉशिंग मशीन घ्या, बटण म्हणून काही नसतंच. गुळगुळीत काच असते, तिच्यावर बोट ठेवायचं. कोरड्या बोटाने छान चालतं. पण आमची बोटं कोरडी असतात कधी? एक हात पिठात, दुसरा पाण्यात. काचेला ओलं बोट कळत नाही, पिठाचं त्याहून कळत नाही. मग कोपराने प्रयत्न, तोवर भाकरी करपलेली. जुनं कटकन फिरणारं बटण न बघतासुद्धा बंद करता यायचं. ही काच ज्यांनी बनवली, त्यांनी भाकरी थापता थापता शेगडी बंद करून बघितलेली नसावी.

दुसरं मत चार्जरबद्दल. घराघरात एक ड्रॉवर असा असतो, ज्यात सहा चार्जर असतात आणि हवा तो नसतो. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना एकाच प्रकारचा, टाइप-सी चार्जर चालला पाहिजे असा कायदा लागू झाला. त्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच नव्या मोबाइलनाही आता तीच पिन असते. कायद्याने एवढी साधी गोष्ट होऊ शकते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तिसरं मत रिचार्जबद्दल. पगार महिन्याचा, दूधवाला महिन्याचा, भाडं महिन्याचं, आणि रिचार्ज मात्र अठ्ठावीस दिवसांचा! हिशोब करून बघा, अठ्ठावीस तेरा तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. यावर खूप ओरड झाली. मग ट्राय, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की, किमान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा जो दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. फक्त बोलणं आणि एसएमएस, नेट नाही, असेही प्लॅन ठेवायला सांगितलं गेलं. घरात सासूबाईंचा बटणाचा फोन असेल, त्यावर नेट चालतच नसेल, तर त्यांनी नेटचे पैसे का भरायचे? पण हे प्लॅन जाहिरातीत दिसत नाहीत. दुकानात जाऊन विचारावे लागतात. "काय ओ, फक्त बोलायचा प्लॅन दाखवा की," एवढं म्हणायचं.

आता या सगळ्या कटकटी आहेत, पण किरकोळ आहेत. एक कटकट मात्र किरकोळ नाही. ती म्हणजे, दुकानात, बँकेत, ऑफिसात विचारला जाणारा एक प्रश्न. "मोबाइल नंबर सांगा." आणि बऱ्याचदा तर तो आपल्याला विचारतही नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाकडे बघून विचारतात.

आमच्या गटातल्या एकीच्या घरी काय झालं, ते सांगतो. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा बेचाळीसच्या वर, आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. तिने गटाकडून कर्ज घेऊन कूलर घेतला. हप्ते ती भरते. पण दुकानदाराने बिलावर नाव आणि नंबर लिहिला तो, कूलर उचलायला सोबत आलेल्या मुलाचा. तिला विचारलंसुद्धा नाही. मुलगा पुढे नोकरीला पुण्याला गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मोटर बंद पडली. वॉरंटी होती, तक्रार नोंदवली. मेकॅनिक आला आणि दारातच म्हणाला, "अक्का, ओटीपी सांगा, त्याशिवाय काम सुरू होत नाही." ओटीपी गेला पुण्याला. मुलगा कामावर, फोन बंद. मेकॅनिक दहा मिनिटं थांबला आणि गेला. संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर मेसेज आला, "ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे." ग्राहक दारात पदर खोचून उभी होती! पण त्यांच्या लेखी ती ग्राहक नव्हती.

ही झाली कूलरची गोष्ट. उकाड्यात चार रात्री काढल्या की निभते. पण आपल्या गावात याहून मोठ्या गोष्टी याच नंबरावर अडतात.

आपल्या सोलापुरात हजारो बायका बिडी वळतात. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू हाताळून बोटांवरच्या रेघा झिजतात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, जुळत नाही. पुसून ठेवा, पुन्हा ठेवा, दुसरं बोट ठेवा. ज्या कामाने घर चालवलं, त्याच कामाने बोटाची ओळख पुसली. अंगठा जुळला नाही की दुसरा रस्ता बहुतेक वेळा ओटीपीचा असतो. आणि तो ओटीपी जातो कुठे? आधारला जो नंबर जोडलाय, तिथे. तो नंबर नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार म्हटल्यावर किती जणींची धावपळ झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पीएफचे पैसे काढायचे असोत, बँकेचं काम असो, गोष्ट तीच.

आणि बंद पडलेल्या सिमबद्दल एक लक्षात ठेवा. नंबर सलग ९० दिवस वापरला नाही तर तो बंद केला जाऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या हातात. म्हणून नंबर बदलला तर आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर जोडायचा, मग जुनं सिम सोडायचं.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. आजकाल भाजीच्या गाडीवरसुद्धा तो चौकोनी क्यूआर कोड असतो. आम्हाला तो फार आवडतो, खोटं कशाला बोला. सुट्ट्या पैशांची भानगड नाही. गिऱ्हाईक पैसे देतं आणि तो छोटा डबा मोठ्या आवाजात बोलतो, "दोनशे रुपये प्राप्त झाले." पण मैत्रिणींनो, कुणाला प्राप्त झाले? भाकरी तुमची, चटणी तुमची, उन्हात बसणं तुमचं. आणि क्यूआर कोड मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचा असेल, तर तो डबा दिवसभर दुसऱ्याच्याच नावाने ओरडतोय. उद्या बँकेत कर्ज मागायला गेलात तर मॅनेजर म्हणेल, तुमच्या खात्यात तर काही व्यवहारच दिसत नाहीत. तुमची दहा वर्षांची मेहनत कागदावर शून्य!

"आमच्याकडे स्मार्टफोन नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये बटणाच्या फोनसाठीही यूपीआयची सोय सुरू केली आहे, तिला यूपीआय वन टू थ्री पे म्हणतात. तीही चालायची तर एक अट आहेच. बँक खात्याला जोडलेला नंबर तुमच्या हातातल्या फोनमधला हवा.

काही जणी म्हणतील, "घर एकच आहे, नंबर त्यांचा असला काय नि आमचा असला काय?" ही गोष्ट अविश्वासाची नाही. घराच्या किल्ल्या दोघांकडे असतात, म्हणून कुणी कुणावर संशय घेतो का? माणूस कामावर असतो, परगावी असतो, आजारी असतो. किल्ली आपल्याजवळ असली की त्याचीही धावपळ वाचते. दुसऱ्या काही जणी म्हणतील, नंबर दिला की फालतू फोन येतात. हे मात्र खरं आहे. त्यावर दोन उपाय. जाहिरातींचे फोन बंद करायला १९०९ या नंबरवर नोंद करता येते. आणि साधी कंगव्याची खरेदी असेल तर नंबर द्यायचाच नाही. गिऱ्हाइकाला नंबरसाठी अडवून धरू नका, असं केंद्र सरकारने २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय. जिथे वॉरंटी आहे, पैसा आहे, सरकारी काम आहे, तिथे आपला नंबर. बाकी ठिकाणी, "नंबर देत नाही, बिल द्या."

आता कायदा काय म्हणतो? सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटतात.

पहिली, ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नाही. ज्याने विकत घेतलं, त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक आहे. म्हणजे बिलावर मुलाचं नाव असलं तरी त्या कूलरखाली झोपणारी आईसुद्धा ग्राहक आहे, तीही तक्रार करू शकते.

दुसरी, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी यंत्र घेतलं तर तेही ग्राहक म्हणूनच घेतलेलं मानतात. शिलाई मशीन, पिठाची छोटी गिरणी, भाकरीचं मशीन, सगळं त्यात येतं. "हे धंद्यासाठी आहे, तक्रार चालणार नाही," असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

तिसरी, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी आपल्याला सोलापूर सोडावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी.

त्याआधी एक सोपी पायरी आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं. आपल्या गावात घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि बाजारात मराठी, तेव्हा हेही सांगतो की तिथे तेलुगू आणि कन्नडही चालते. आणि कुणी फसवून पैसे काढले असतील तर १९३०, तोही लगेच, पहिल्या तासाभरात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पाठ करून ठेवा. यूपीआयने पैसे दिले, आपल्या खात्यातून गेले पण दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर ते पाच दिवसांत परत आले पाहिजेत. त्यानंतर बँकेला दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

ग्राहकांनी एकत्र येऊन बोलायचं, हे आपल्याला नवीन नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती याच विचाराने. एकटीचं ऐकत नाहीत, दहा जणींचं ऐकतात.

म्हणून आमच्या गटाने एक ठरवलंय, तुम्हालाही जमेल. गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की दहा मिनिटं मोबाइलची. प्रत्येकीने तीन गोष्टी बघायच्या. आधारला कुठला नंबर जोडलाय? बँकेला कुठला जोडलाय? आणि सिम कुणाच्या नावावर आहे? आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर दिसतं. आधारचा नंबर आधार केंद्रात जाऊन बदलता येतो, बँकेचा शाखेत. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. आणि पुढच्या वेळी कूलर, मिक्सर, मोबाइल, काहीही घ्यायला गेलात आणि दुकानदाराने शेजारच्या माणसाकडे बघून नंबर विचारला, तर तो बोलायच्या आत आपण आपले दहा आकडे सांगायचे. सावकाश, स्पष्ट, आणि बिलावर लिहून होईपर्यंत काउंटर सोडायचा नाही.