आपल्या आमदाराचं मत किती वजनाचं?



राष्ट्रपती निवडायला आपण मतदान केंद्रावर जात नाही.
आपल्या ढोकी गावाच्या वतीनं आपले आमदार, खासदार मत देतात.

महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य आहे 175.
सिक्कीममध्ये? अवघं 7!
कारण हे वजन राज्याच्या लोकसंख्येवर ठरतं.
तीही आजची नव्हे, 1971 ची.

आता राज्यातल्या शिवसेनेचा कल पाहा.
2007 साली शिवसेना भाजपसोबत होती.
मतं मात्र दिली दुसऱ्या बाजूच्या मराठी उमेदवाराला, प्रतिभाताई पाटलांना.
2012 ला प्रणव मुखर्जींना.
2022 ला शिवसेनेचे उद्धव ठाकरे भाजपविरोधी आघाडीत, पाठिंबा मात्र भाजपच्या द्रौपदी मुर्मूंना.
युती एकीकडे, मत दुसरीकडे!

पुन्हा सांगते,
मत आमदाराचं, वजन 1971 च्या लोकसंख्येचं.

आमदार गावात आले, की विचारा,
मत कुणाला दिलंत?
मतदान गुप्त असतं, तरी विचारा.