टीपीचं पुस्तक कुणाच्या हातात?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला, "दादा, जिथं जंगल जास्त, खाणी जास्त, तेच जिल्हे गरीब का असतात?" आजचा भाग या एकाच प्रश्नावर आहे.

मी धानोऱ्याचा. गडचिरोली जिल्ह्यात दोन-तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. तरी लहानपणापासून मी दर जानेवारीत एकच दृश्य बघत आलोय. तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या गाड्या भरतायत. सोबत तांदळाचं पोतं, भांडी, चादर, कडेवर पोर. घरामागच्या जंगलात बांबू उभा, आणि माणसं परक्याच्या शेतात मिरचीच्या झोंबीत. म्हणजे संपत्ती नव्हती असं नाही. ती विकायचा हक्क आपल्याकडे नव्हता.

आता धानोऱ्यापासून अगदी जवळ या, मेंढा-लेखाला. शंभरेक घरांचं गोंड गाव. इथल्या लोकांनी ऐंशीच्या दशकातच म्हणायला सुरुवात केली, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." ऐकायला नुसती घोषणा वाटते, पण त्यामागे कामाची पद्धत होती. ग्रामसभेत मतदान नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो. शिवाय अभ्यासगट: कायदा काय म्हणतो ते गावानेच वाचायचं, समजून घ्यायचं. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. आता तुम्ही म्हणाल, झालं की काम! नाही झालं. खरी गंमत इथून सुरू होते.

बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. आपल्याकडे सगळे त्याला टीपी म्हणतात. टीपी नसेल तर स्वतःच्या हक्काचा बांबूही रस्त्यावर चोरीचा माल ठरतो. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाडा'त मोजला होता आणि वनहक्क कायद्यात तो 'गौण वनोपज'. वनखातं जुनी व्याख्या धरून बसलं, गाव नवी. त्याआधी वर्षानुवर्षं इथला बांबू भाडेपट्ट्याने कागद गिरणीला जायचा, आणि गावाच्या वाट्याला यायची फक्त तोडणीची मजुरी. सगळं भांडण एका शब्दाचं, पण त्या शब्दावर गावाची चूल अडकलेली.

शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, वनहक्काचे नियमच बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. एका गावाने धरून ठेवलेला मुद्दा देशाचा नियम झाला.

आता जरा जग बघू. नायजेरियात ओलोइबिरी नावाचं गाव आहे. तिथं १९५६ मध्ये तेल सापडलं. तेलाच्या पैशावर देश बदलला, पण ओलोइबिरीच्या विहिरी आटल्या आणि गाव गरीबच राहिलं. दुसरीकडे मेक्सिको. तिथलं निम्म्याहून जास्त जंगल गावसमाजांच्या मालकीचं आहे, आणि काही गावं स्वतःच्या आरागिरण्या चालवतात. नेपाळमध्ये १९९३ च्या कायद्यानंतर हजारो वापरकर्ता गट आपापलं जंगल सांभाळतायत. लोक सामायिक साधनं स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २००९ साली. मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी!

पण मी तुम्हाला नुसतं गोड चित्र विकणार नाही. हक्क मिळाला की आव्हानं संपत नाहीत, त्यांचं रूप बदलतं.

पहिलं, हिशेब. ग्रामसभेच्या खात्यात मोठी रक्कम आली की पावती, मजुरीचा हजेरीपट, कराचे कागद, सगळं चोख लागतं. जिथं हिशेब लिहिणारं पोर गावात नाही, तिथं ठेकेदाराचा मुनीमच गावाचा मुनीम होतो.

दुसरं, बाजार. तेंदूपत्त्याचंच घ्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. एका वर्षी व्यापारी चढा भाव देतात, दुसऱ्या वर्षी बोलीलाच कुणी येत नाही. पान तर वाट बघत नाही, मे महिना गेला की गेलं.

तिसरं, खुद्द बांबू. त्याला कित्येक दशकांनी एकदा फुलोरा येतो आणि मग तो वाळून जातो. पुढचा बांबू तोडण्याजोगा व्हायला वर्षं लागतात. तोवर काय? कच्चा बांबू ट्रकमध्ये भरून पाठवणं म्हणजे धान विकून तांदूळ विकत घेणं. फर्निचर, अगरबत्तीची काडी, चटई, खरा पैसा तिथं आहे. आणि ते काम आपल्या तालुक्यात अजून फार कमी आहे.

म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर असं: जंगल आहे म्हणून जिल्हा गरीब नसतो. विकायचा हक्क, हिशेबाची वही आणि मालाला आकार देणारं हत्यार, या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात म्हणून तो गरीब राहतो. मेंढ्याने पहिली मिळवली. दुसरी-तिसरी आपल्या पिढीकडे आहे.

हे बोलताना मला थोडी लाज वाटते, खोटं कशाला बोलू? मी कॉमर्स शिकलो, आणि नागपुरात दुसऱ्यांचे हिशेब लिहितो. माझ्या गावच्या ग्रामसभेला मी आजवर दोनदाच बसलोय. यंदा तेंदूच्या हंगामात रजा टाकलीय. हजेरीपट लिहायला जातोय. जमलं की नाही, ते जूनमध्ये सांगतो.

तुमच्या गावची ग्रामसभा शेवटची कधी झाली, घरी फोन करून विचारा. उत्तर मेसेजमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात. जोहार!